मिसेस बॅनर्जीचं इंग्रजी

नेपरव्हिल, इलिनॉय
१४ नोव्हेंबर २००६

प्रिय सुलभा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. विष्णू कामावर जाऊ दे, नातवंडं शाळेत जाऊ देत, मग खुर्चीत बसून वाच. मागच्या रविवारी फोनवर तू मला तीनदा विचारलंस, की तुझा तो जुना कार्यक्रम परत येतोय म्हणे, मग तू गप्प का. आणि मी लाइन खराब आहे असं सांगून फोन ठेवला. लाइन उत्तम होती. चँडलरमधल्या तुझ्या कुकरची शिट्टीसुद्धा मला इथे ऐकू आली. आपल्या मैत्रीला चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि हे पत्र वाचल्यावर ती राहील की नाही हे मला सांगता येत नाही. ते सुरुवातीलाच सांगून टाकते. गोड बोलून शेवटी खड्ड्यात ढकललं असं तुला वाटायला नको. तुला ठाऊक असलेल्या बऱ्याच गोष्टी यात पुन्हा येतील. त्या मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझ्यानंतर हे पत्र विष्णूनं वाचावं असं मला वाटतं, आणि त्याला यातलं फारसं काही ठाऊक नाही.

आधी इथली हकिकत. गेल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. माझा परीक्षित सकाळी उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढतो आणि शिकागोची गाडी पकडायला पळतो, सूनबाई शुभा तिच्या ऑफिसला जाते, आणि मी टीव्हीच्या तोंडी लागते. इथलं एक चॅनेल दर शनिवारी संध्याकाळी जुने इंग्रजी विनोदी कार्यक्रम लावतं, आणि आमच्या गल्लीतले गोरे म्हातारे ते कीर्तनाला बसल्यासारखे बघतात. युद्धानंतरचं इंग्लंड म्हणजे चहा, टोप्या आणि एकमेकांच्या दारातून आतबाहेर करणारे प्रेमळ शेजारी, अशी त्यांची पक्की समजूत आहे. शेजारची बाई मला म्हणाली, तुम्ही किती भाग्यवान, त्या काळात तिथे राहिलात. मी तिला सांगितलं, की आम्ही खोली शोधत होतो तेव्हा खिडक्यांत पाट्या असत, रंगीत लोकांनी चौकशी करू नये. त्या पाट्या तुमच्या शनिवारच्या कार्यक्रमात दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं मला केळ्याचा केक आणून दिला. अमेरिकन माणसाला काहीही कडू सांगा, तो केक आणतो.

दुपारी कधी कधी पुण्याहून फोन येतो. क्रेडिट कार्डवाल्यांची मुलगी, नाव सांगते नॅन्सी, आणि बोलते अशी की जिभेखाली गोटी ठेवलीय. परवा मी तिला मराठीत विचारलं, बाळ, खरं नाव काय तुझं? मग हळूच म्हणाली, "उत्तरा. पण आजी, प्लीज, कॉल रेकॉर्ड होतोय." मला तिला बरंच काही सुनवायचं होतं, आपली भाषा, आपलं नाव, लाज कशी वाटत नाही वगैरे. तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मुलीला बोलायचा अधिकार जगात एका बाईला नसेल तर ती मी. का ते आता सांगते.

सप्टेंबरात लंडनहून मला एक पाकीट आलं. जुने कार्यक्रम डिस्कवर काढून विकणारी एक छोटी कंपनी आहे, तिचं. माझ्या त्या बोर्डिंग हाउसच्या विनोदी कार्यक्रमाचे भाग त्या वेळी कुणीच जपले नव्हते. टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काही घ्यायचं, अशी तेव्हा पद्धत होती. सगळं पुसलं गेलं हे मला कळलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती, हे तुला आज पहिल्यांदा सांगते. पण आमचा तो पाईप ओढणारा लेखक गेल्या वर्षी वारला आणि त्याच्या बायकोला माळ्यावर टेपांची खोकी सापडली. अमेरिकेत या मालाला गिऱ्हाईक आहे, तेव्हा संच काढायचा ठरला. सोबत सापडलेल्या रेडिओच्या तुकड्यांची एक डिस्क होती, आणि एक फॉर्म: कृपया आवाज ओळखा, आणि आपली संमती कळवा. परीक्षितची राधिका इथल्या युनिव्हर्सिटीत टीव्ही-रेडिओचा इतिहास शिकते. असाही विषय असतो, आणि त्याला फी असते. तिचा पेपरच नेमका युद्धानंतरच्या इंग्लंडातल्या सिनेमा, रेडिओ, टेलिव्हिजनवर आहे, तेव्हा तिला घरातच घबाड सापडलं. आजी पायोनियर आहे, असं ती दिसेल त्याला सांगत सुटली. परीक्षितनं विष्णूला ईमेल केलं, आणि विष्णूनं तुझ्या वाढदिवसासाठी संचाची ऑर्डरही देऊन टाकली. सगळे इतके खूश आहेत, की मला एकटीलाच फाशी द्यायची राहिली आहे.

आता मागचं. बासष्ट साली लंडनमधल्या अ‍ॅक्टनच्या त्या घरात मोहन आणि मी वर, तू आणि दिगंबरभाऊजी खाली. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, मदरनं मराठीचा एक शब्द ऐकला तर बोटांवर पट्टी मारायची, त्यामुळे इंग्रजी असं की डोळे मिटून ऐकलं तर मी तिथल्याच एखाद्या पाद्र्याची मुलगी वाटावी. तू कऱ्हाडहून आलेली, सातवी झालेली, आणि माझ्या दुप्पट धीट. मी वर खिडकीत बसून हवामानाला नावं ठेवायची आणि तू पंधरा दिवसांत सगळ्या गल्लीशी बोलायला लागलीस. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. 'जाते' म्हणजे कायमची जाते, अभद्र. ते तू जसंच्या तसं इंग्रजीत नेलंस. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून निघताना हात जोडून म्हणायचीस, "आय कम." तो बिचारा दार धरून उभा राहायचा, की ही बाई आत येतेय की बाहेर चाललीय. दिगंबरभाऊजी बसच्या डेपोतून काळे हात घेऊन यायचे आणि तुला चिडवायचे, "सुलू, अगं 'गो' म्हण, 'गो'." तू म्हणायचीस, "मी नाही अभद्र बोलणार. त्यांना कळत नसेल तर त्यांनी मराठी शिकावं." आणि भाऊजी असे हसायचे की वरच्या मजल्यावर आमच्या कपबश्या वाजायच्या. त्यांचं हसू मला त्या वेळी अडाणी वाटायचं. तेही लिहून ठेवते.

मी रेडिओ कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले हे तुला माहीत आहे. निवेदिकेच्या जागेसाठी मी आवाजाची परीक्षा दिली होती, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मोहनलासुद्धा नाही. बातम्यांचा कागद मी असा वाचला की काचेपलीकडच्या दोघांनी माना डोलावल्या. मग मी बाहेर आले, त्यांनी मला पाहिलं, आणि त्यातला मोठा मला म्हणाला, की बाई, अडचण अशी आहे, तुमचं इंग्रजी इतकं चांगलं आहे की तुम्ही इंडियन आहात हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. मी विचारलं, कळायला कशाला हवं? तो म्हणाला, नाहीतर तुम्हाला घेण्यात अर्थ काय? हे उत्तर मी आजतागायत चघळते आहे. तर मी स्क्रिप्टं टाइप करायला बसले, आणि त्यातलीच एक त्या बोर्डिंग हाउसची होती. लेखकाला त्यात एक हिंदी भाडेकरीण हवी होती. तो टायपिंगच्या खोलीत आला, माझी साडी बघितली आणि विचारलं, करता का? मिसेस बॅनर्जी नाव त्यानं आधीच ठेवलं होतं. मी म्हटलं, आम्ही महाराष्ट्रीय, हे नाव बंगाली. तो म्हणाला, वाः, फारच छान, आणि नाव तेच राहिलं.

पहिल्या तालमीला मी फजीत झाले. मला हिंदी माणसासारखं इंग्रजी येतच नव्हतं. मदरनं ते माझ्या बोटांवाटे काढून टाकलं होतं. मी काहीतरी वेडंवाकडं बोलले, ते खोटं वाटलं, कुणी हसलं नाही. लेखकानं पाईप काढला आणि म्हणाला, असं करा, खरं कुठून तरी घेऊन या. दोन आठवड्यांनी मी ते घेऊन गेले. हेल, थांबे, शब्दांची उलटापालट, सगळं. मिसेस बॅनर्जी घरमालकिणीच्या खोलीत यायची, काहीतरी घोटाळा करायची, आणि निघताना हात जोडून म्हणायची, "आय कम, आय कम," आणि दाराबाहेर पडायची. पहिल्याच भागात हे वाक्य इतकं चाललं की पुढच्या भागापासून लोक दाराचा आवाज झाला की आधीच हसायला लागायचे. एकोणसत्तरला कार्यक्रम टीव्हीवर गेला. तिथे रंगभूषेच्या मुलीनं माझ्याकडे पाहून नाक मुरडलं, ही तर पुरेशी काळी नाही, आणि माझ्या गोऱ्या कोकणस्थ तोंडाला तपकिरी रंग फासला. मिस्टर बॅनर्जी तर मुळात इंग्रजच होता, त्याला रंगाचे दोन हात द्यायचे. आम्ही दोघं रंगवलेल्या माकडांसारखी शेजारी बसून चहा प्यायचो. मोहनला ते आवडत नव्हतं. पण हॅरोच्या घराचं स्वप्न त्यालाही होतं, आणि ते घर मिसेस बॅनर्जीनंच घेतलं.

त्या पहिल्या भागाच्या दिवशी तू आणि भाऊजी आमच्या खोलीत रेडिओसमोर बसला होतात. वाक्य आलं, आणि तू टाळी वाजवलीस. मला अजून तुझा चेहरा दिसतो. तू म्हणालीस, "अगोबाई, हे तर माझं. त्या लेखकानं कुठं ऐकलं असेल गं?"

मी म्हटलं, "असेल कुठल्यातरी दुकानात ऐकलं. आपल्या कितीतरी बायका म्हणतात."

तू त्यावर विश्वास ठेवलास. चाळीस वर्षं ठेवलास. बिस्किटांच्या कारखान्यात संध्याकाळी पाळी सुटताना पंचवीस मुली तुझ्या तोंडावर 'आय कम' म्हणत हात जोडायच्या, तेव्हा सुरुवातीला तूही त्यांच्याबरोबर हसलीस. अडुसष्टला बाहेरून आलेल्यांना परत पाठवा अशी भाषणं सुरू झाली आणि तिथली हवाच बदलली. बसमध्ये, बाजारात, रस्त्यावर ते वाक्य हसण्यासाठी उरलं नाही, ते थुंकल्यासारखं येऊ लागलं. तुमच्या दाराच्या फटीतून घाण आली, आणि तिच्याबरोबरच्या कागदावर तेच दोन शब्द होते. तू कारखाना सोडलास. मग वाण्याकडे बोटानं दाखवून सामान घ्यायला लागलीस. मग इंग्रजी बोलणंच सोडलंस. अख्ख्या गल्लीशी बोलणारी तू, विष्णूच्या शाळेत बाईंसमोर मान खाली घालून बसायला लागलीस. आणि मी दर वेळी हॅरोहून येऊन तुझ्या स्वयंपाकघरात इंग्रजांना शिव्या द्यायची. मला शिव्या छान येतात, दोन्ही भाषांत. तू उलट माझीच समजूत घालायचीस, "तुझं काय चुकलं त्यात, अहिल्या. तू पगारी बाई. लिहितील ते बोलायचं." कितीदा म्हणाली असशील. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. लेखकानं ते कुठल्याही दुकानात ऐकलं नव्हतं, सुलभा. त्याला आयुष्यात एकही मराठी बाई भेटली नव्हती, माझ्याशिवाय. ते मी तुझं उचललं आणि त्याला नेऊन दिलं.

आता बहात्तरचा जानेवारी. हे तू एकदाच बोललीस, तेराव्या दिवशी, बायका निघून गेल्यावर, आणि नंतर कधी नाही. भाऊजी रात्रपाळी करून घरी झोपलेले. दुपारी दोनला उठून छातीला हात लावून बसले. घरात फोन नव्हता. तू कोपऱ्यावरच्या लाल खोक्यात धावलीस आणि आधी मला लावलास, कारण माझ्याशी मराठीत बोलता येणार होतं. घंटा वाजत राहिली. मी तालमीला होते. मग तू तीनदा नऊ फिरवून तातडीच्या मदतीचा नंबर लावलास. पलीकडच्या बाईनं विचारलं, कोणती सेवा हवी. तू फोन ठेवलास. पुन्हा लावलास, पुन्हा ठेवलास. घरी परत जाऊन भाऊजींजवळ बसलीस आणि वरचा तो पोलिश भाडेकरू साडेचारला कामावरून येईपर्यंत त्यांची पाठ चोळत राहिलीस. त्यानं फोन केला तोपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळवलं असतं तर कदाचित. तेराव्या दिवशी तू ताटं पुसत होतीस आणि ताटाकडे बघतच मला म्हणालीस, "मला वाक्य येत होतं गं. जुळवून ठेवलं होतं. पण वाटलं, ती हसेल. आणि ती हसत बसली, तर पुढचं कोण ऐकणार?"

त्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तू तेव्हा कऱ्हाडला परतली असतीस, किंवा माझ्या थोबाडीत मारली असतीस, काहीतरी झालं असतं. मी तुला जवळ घेतलं आणि म्हटलं, हरामखोर आहेत मेले. त्यानंतर मी आणखी दोन वर्षं मिसेस बॅनर्जी केली. सोडली नाही, कार्यक्रमच संपला. पुढे मी लायब्ररीत नोकरी केली, निवृत्त झाले, मोहन गेला, इथे आले, आणि या सगळ्या काळात जिथे जिथे कुणी आपल्या माणसाच्या बोलण्याला हसलं तिथे तिथे मी वाघिणीसारखी धावून गेले. शुभाच्या पॉटलकच्या जेवणाला सौमित्र म्हणून एक नवा मुलगा आला होता, त्यानं आपल्या गुजराती बॉसची नक्कल केली, सगळे हसले, आणि मी त्याला सर्वांदेखत असं झोडपलं की तो जेवण अर्धं टाकून गेला. परीक्षित म्हणाला, "आई, चिल. इट्स अ जोक." राधिका मात्र मला अभिमानानं मिठी मारून म्हणाली, आजी, तू त्या काळात त्या लोकांमध्ये कशी टिकलीस? कशी टिकले ते मला ठाऊक होतं. मी तुला पुढे करून टिकले.

राधिकानं ती डिस्क लॅपटॉपवर लावली तेव्हा मी भाजी निवडत होते. सात तुकडे कार्यक्रमाचे होते. आठव्यापुढे, लेखकानं टेपच्या खोक्यावर लिहिलेलं नाव फॉर्ममध्ये उतरवलं होतं: मिसेस बी., मूळ नमुना. आधी नुसती घरघर, मग माझाच तरुण आवाज, अगदी गोड, की सुलभा, परवा त्या मासेवाल्याशी तुझं काय झालं ते सांग ना, पण इंग्रजीत सांग, मला मजा वाटते. आणि मग तू. छप्पन्न नाही, शंभर वेळा मी तुझी नक्कल केली असेल. तुझा खरा आवाज किती चांगला होता हे मी विसरले होते. त्यात घाबरणं नावालाही नव्हतं. तू मासेवाला रंगवलास, त्याची बायको रंगवलीस, शेवटी 'आय कम' म्हणून तू कशी निघालीस तेही सांगितलंस. मोहननं नवा आणलेला तो टेपरेकॉर्डर मी तुमच्या खोलीत टेबलाखाली नेऊन ठेवला होता. हे मी तुझं ऐकून लक्षात ठेवलं नव्हतं, सुलभा. चोरून टेप केलं होतं, आणि ती टेप त्या माणसाला दिली. कंपनीच्या फॉर्मवर आठव्या तुकड्यापुढे मी आधी 'आवाज ओळखता येत नाही' असं लिहिलं होतं. तसं पाठवलं असतं तर त्यांनी तो तुकडा गाळला असता, आणि मी सुखानं मेले असते. तीन दिवस तो फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला होता.

मग राधिकानं मला विचारलं, "आजी, हू इज दॅट अंकल अ‍ॅट द एंड? ही इज सो फनी." तिनं शेवटपर्यंत ऐकलं होतं, मी ऐकलं नव्हतं. शेवटची चार मिनिटं भाऊजी आहेत. डेपोतून आले, बूट काढले, चहा मागितला, तुला सुलू म्हणाले, त्या दिवशी कुणीतरी उलट्या बाजूनं बसवलेल्या चाकाची गोष्ट सांगून स्वतःच हसले. मग मला विचारतात, "वहिनी, ते टेबलाखाली काय घरघरतंय?" आणि मी सांगते, मोहनचा रेडिओ बिघडलाय. तुझ्याकडे त्यांचे फोटो आहेत, पण आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि ते गेले तेव्हा विष्णू सहा वर्षांचा होता. म्हणून काल मी फॉर्मवरचं खोडलं, तिथे तुझं आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, तुझा चँडलरचा पत्ता दिला, आणि कळवलं की या तुकड्याला हो म्हणायचं की नाही ते या बाईंना विचारा, मला नाही. त्यांचं पत्र तुला पंधरा दिवसांत येईल. परक्या माणसाच्या टाइप केलेल्या कागदावरून तुला हे कळू नये, म्हणून हे लिहिलं. त्या तुकड्याची डिस्क सोबत पाठवते आहे. मला उत्तर दिलं पाहिजे असं नाही. ती विष्णूबरोबर ऐक, किंवा आधी एकटीनं ऐक, तुझं तू ठरव. सुरुवातीचं मिनिटभर आवाज फार बारीक आहे. तेवढ्यासाठी आवाज वाढवून ठेव. ते यंत्र दिसू नये म्हणून मी त्यावर तुझाच टॉवेल टाकला होता.

तुझी (हा शब्द तू खोडलास तरी चालेल),
अहिल्या